कोपऱ्यातलं पाणी

मैदानाचा माळी कुणाला आठवतो हो? संघ जिंकला की गोल मारणारा आठवतो, हरला की पंच आठवतो, आणि ज्या दिवशी कुणालाच काही धड जमत नाही त्या दिवशी सगळ्यांना एकदम माळी आठवतो. गवत वाढलंय, जमीन उसळतेय, चेंडू पळत नाहीये. नाचता येईना अंगण वाकडं! बावीस वर्षं या माळ्यानं राष्ट्रीय मैदानाचं गवत पोटच्या पोरासारखं सांभाळलं आणि बावीस वर्षं हेच ऐकून घेतलं. त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. गवत निदान उलटून बोलत नाही, एवढ्यावर तो खूश होता.

पोटचं पोर त्याला नव्हतं. होता तो धाकटा भाऊ. आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा हा सहा वर्षांचा, आणि माळी चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. वहिनीनं त्याला भरवलं, न्हाऊमाखू घातलं आणि दुपारच्याला नवऱ्याबरोबर मैदानावर पिटाळलं. तिथं तो या कोपऱ्यातल्या निशाणापासून त्या कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत जीव खाऊन पळायचा. मैदानावरच्या लोकांनी त्याचं नाव वाऱ्या पाडलं ते पाडलंच. पुढे वर्तमानपत्रांतही तेच छापून येऊ लागलं.

सत्ताविसाव्या वर्षी वाऱ्या देशाच्या फुटबॉल संघात उजव्या अंगाला खेळत होता. घरच्या मैदानावर सामना असला की त्या सकाळी दोघा भावांचा एक ठरलेला रिवाज असायचा. चहाचा पहिला घोट घेऊन वाऱ्या विचारायचा, "दादा, कुठं जपू?" मग माळी सांगायचा. मधल्या वर्तुळात जमीन कडक आहे, चेंडू उसळेल. टाकीकडच्या गोलासमोर दव लवकर सुकत नाही, तिथं पाय रोवू नको. डावीकडे गवत दाट आहे, पास जरा जोरात दे. सांगताना माळ्याची छाती दोन बोटं फुगायची. देशाच्या संघाला मास्तर शिकवतात हे खरं, पण मास्तरांना न कळणारं काहीतरी आपण वाऱ्याच्या कानात घालतो, याची त्याला गंमत वाटायची.

आता त्या गटाचं सांगायला हवं, कारण सगळं पाप त्या गटानंच करवलं. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची पात्रता फेरी. एका गटात चार संघ, प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी, एकदा दारी, आणि चारांतून पुढे जाणार एकच. हा देश त्या स्पर्धेत आजवर एकदाही गेला नव्हता. पाच सामने झाले तेव्हा गटात आपले दहा गुण होते आणि दुसऱ्या नंबरावर होते त्यांचे आठ. बाकी दोघांचा हिशेब केव्हाच आटोपला होता. शेवटचा सामना त्या आठवाल्यांशीच, आपल्या मैदानावर. बरोबरी झाली तरी आपण गेलो. हरलो तर ते जाणार, आणि आपण पुन्हा चार वर्षं दुसऱ्यांचे सामने टीव्हीवर बघत बसणार.

गटातला दुसरा सामना बरोबरीत सुटला नसता तर ही वेळच आली नसती. त्या सामन्यात वाऱ्यानं गोल मारला होता. पंचांनी दिलाही होता. आणि हा शहाणा पंचांकडे जाऊन म्हणाला, "साहेब, चेंडू हाताला लागला माझ्या." गोल गेला, दोन गुण गेले. परदेशी पेपरांनी कौतुक केलं, मास्तरांनी आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच सामन्याच्या शेवटी वाऱ्याचा उजवा गुडघा गेला. आतला सांधणारा दोर तुटला, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. आठ महिने वाऱ्या घरात भिंत धरून चालायला शिकत होता, आणि वहिनी स्वयंपाकघरातून मोजत होती, "वीस... एकवीस... अरे वाक जरा अजून, आळशी!" पाचव्या सामन्यात मास्तरांनी त्याला शेवटची वीस मिनिटं उतरवला आणि यानं गोल मारून सामना जिंकून दिला. डॉक्टरांनी मात्र बजावून ठेवलं होतं की हाच गुडघा पुन्हा फिरला तर खेळ विसरायचा. ती स्पर्धा हे वाऱ्याचं सहा वर्षांचा असल्यापासूनचं वेड होतं. माळ्यालाही आयुष्यात दुसरं काही नको होतं. धाकट्याला एकदा त्या मैदानावर उतरलेला बघायचं, बास.

शेवटच्या सामन्याला दोन दिवस उरले असताना, दुपारी, मास्तर माळ्याच्या खोलीवर आले. खोली म्हणजे प्रेक्षकांच्या बसायच्या जागेखालची अवजारांची कोठडी. गवत कापायचं यंत्र, चुन्याच्या गोण्या, रबरी नळ्यांची वेटोळी, आणि एक मोडका बाक. बावीस वर्षांत एकही मास्तर तिथं आला नव्हता. हे आले, बाकावर बसले, वर चहा मागितला. मोठी माणसं उगाच लहान दारातून वाकून येत नाहीत.

"माळीबुवा, त्यांचा सात नंबर बघितलात ना?"

बघितला होता. कुणी नव्हता बघितला? त्यांच्या देशातल्या सामन्यात त्या सात नंबरनं आपल्या बचावातल्या पोराला तीनदा जमिनीवर बसवून दोन गोल केले होते. गटातली आपली एकमेव हार ती. सात नंबरही उजव्या अंगाचाच, वाऱ्यासारखा.

"त्याला पळू दिलं तर आपण मेलो," मास्तर म्हणाले. "आणि तो पळतो कुठं? उजव्या अंगानं, म्हणजे इथं घड्याळाच्या मनोऱ्याखालच्या कोपऱ्यात. आपला कप्तान नेहमी घड्याळ पाठीशी घेऊन सुरुवात करतो. म्हणजे पहिला अर्धा वेळ ते घड्याळाकडे चढाई करणार. त्या कोपऱ्यात जरा पाणी जास्त झालं, गवत दोन बोटं जास्त राहिलं, तर कोण काय म्हणणार? वरून दिसायलाही नको. हिरवंगार दिसलं पाहिजे. पाय टाकला की कळलं पाहिजे."

बावीस वर्षं ज्या मैदानावर एक खळगा राहू दिला नाही त्यावर आपल्या हातानं दलदल करायची, हे माळ्याला पटेना.

"आणि दुसरा अर्धा वेळ?" त्यानं शेवटी विचारलं. "बाजू बदलल्यावर आपलीच माणसं तिकडे पळणार. वाऱ्या पळणार. त्याचा गुडघा..."

"तेच सांगायला आलोय. वाऱ्याला मी पंचेचाळीसच मिनिटं खेळवणार. मध्यंतराला बाहेर. तुमचा भाऊ त्या कोपऱ्यात पाऊलसुद्धा टाकणार नाही, माझा शब्द. आणि पाऊण तास चिखल तुडवला की सात नंबरचे पाय शिशाचे होतात, मग कोरड्यातही तो पळत नाही." मास्तरांनी कप खाली ठेवला. "फक्त वाऱ्याला बोलायचं नाही. तुम्हाला माहितीय तो कसा आहे. तो जाईल आणि पंचांना सांगेल. स्पर्धावाल्यांचा निरीक्षक परवापासून इथंच ठिय्या मारून आहे. मैदानात मुद्दाम काही केलंय असं कळलं तर सामना तीन-शून्य त्यांच्या नावावर. म्हणजे वाऱ्याचीच स्पर्धा गेली. विचार करा."

केला विचार. माळ्यानं दोन रात्री तोच विचार केला आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं. वाऱ्याला तिथं पोचवायचं तर बरोबरी हवी, बरोबरी हवी तर सात नंबर थांबायला हवा. वाऱ्या त्या कोपऱ्यात जाणार नाही, मग कुणाचं काय जातं? माणसाला पाप करायचं असलं की हिशेब कसा चोख जुळतो बघा.

पाणी घालणं तरी सोपं होतं का? मैदानाखालून पाण्याचे पाइप फिरलेत, कळ फिरवली की फवारे वर येतात. पण घड्याळाच्या कोपऱ्यात पाइप नाही. ते पाइप टाकले तेव्हा वाऱ्या पंधरा वर्षांचा होता आणि चर खणायला दोघं भाऊच होते. घड्याळाच्या मनोऱ्याचा जुना दगडी पाया त्या कोपऱ्याखाली निघाला. वाऱ्यानं पहार मारून मारून तळहाताची सालटं काढली, पण दगड काही हलला नाही. शेवटी कोपऱ्याच्या वीस पावलं अलीकडेच पाइपाचं तोंड बंद केलं. तेव्हापासून त्या कोपऱ्याला रबरी नळीनं, हातानं पाणी घालावं लागतं. आणि खाली दगड, त्यामुळे तिथलं पाणी मुरत नाही. हे मास्तरांनी कुठून काढलं कोण जाणे. बहुतेक माळ्यानंच कधीतरी फुशारकीनं सांगितलं असेल.

सामन्याच्या दिवशी पहाटे त्यानं नळी लावली. एकदा, मग थांबून पुन्हा, मग आणखी एकदा. वरून चाळणीनं कोरडी बारीक माती भुरभुरली, त्यावर गवत हातानं विंचरलं. काम इतकं सफाईदार झालं की स्वतःच्या हातांचा त्याला राग आला. चोख काम करायची सवय, हरामखोरीतसुद्धा सुटली नाही.

घरी आला तर वाऱ्या चहा घेऊन बसलेला, गुडघ्याला पट्टी गुंडाळत.

"दादा, कुठं जपू?"

वहिनी भाकरी थापता थापता हसली. "आलं यांचं गुपित सुरू. मला कधी नाही सांगत कुणी, कुठं जपू ते."

माळ्यानं कप तोंडाला लावला. चहा चटका बसेल इतका गरम होता, तरी त्यानं मोठा घोट घेतला. "कुठं नाही," तो म्हणाला. "सगळं एकसारखं आहे आज."

"वा! मग आज मैदानावर झोपलं तरी चालेल म्हणा की," वाऱ्या म्हणाला, आणि उठून नाचत नाचत बूट शोधायला गेला.

सामना चारचा. तीन वाजता पाहुणे मैदान बघायला उतरले. त्यांच्यात एक पांढऱ्या केसांचा म्हातारा होता, खेळाडूंच्या पिशव्या सांभाळणारा असावा. तो सगळ्यांसारखा मधे उभा राहून फोटो काढत बसला नाही. कडेकडेनं चालत घड्याळाच्या कोपऱ्यात आला, टाच दाबली, उचलली, पुन्हा दाबली. मग मान वर करून त्यानं थेट माळ्याकडे पाहिलं आणि हसला. बस, तेवढंच. माळ्याला कळलं, हा आपल्याच धंद्यातला आहे. यानंही कुठंतरी कुणासाठी तरी हेच केलेलं आहे.

चार वाजता नाणं उडालं. ज्याचा कौल त्यानं बाजू निवडायची नाहीतर सुरुवातीचा चेंडू मागायचा असा नियम आहे, पण या मैदानावर आजवर एकाही पाहुण्यानं बाजू बदलून मागितली नव्हती. सगळे चेंडू मागायचे, झालं. त्यामुळे आपला कप्तान घड्याळाकडे पाठ करायला अर्धा वळलाही होता. पाहुण्यांच्या कप्तानानं कौल जिंकला आणि हात करून दाखवलं, आम्हाला ती बाजू. घड्याळाची.

मास्तरांनी सगळं हिशेबात धरलं होतं. सात नंबरचे पाय धरले, वाऱ्याचा गुडघा धरला, निरीक्षकाची वही धरली. एक नाणं तेवढं धरलं नव्हतं. दोन्ही संघ मैदानाच्या मधून एकमेकांना ओलांडून गेले. आता पहिला अर्धा वेळ घड्याळाकडे कुणी पळायचं? आपण. आणि उजव्या अंगाला आपला कोण? वाऱ्या.

माळी मैदानाकडेच्या मास्तरांच्या बाकाकडे धावला. बावीस वर्षांत सामना चालू असताना तो त्या बाकाजवळ कधी गेला नव्हता.

"मास्तर, बाजू बदलली. त्याला डावीकडे घ्या. नाहीतर बाहेर काढा."

"पहिल्याच मिनिटाला? काय कारण सांगू? तो निरीक्षक बघतोय इकडे, हळू बोला." मास्तरांचे ओठ हलत नव्हते. "बरोबरी पुरे आहे आपल्याला. आपण त्या बाजूनं नाही पळालो तरी चालतंय."

"मग त्याला सांगा तिकडे जाऊ नको म्हणून!"

"का म्हणून विचारेल. आणि कळलं की गप्प बसेल तो? तुमचाच भाऊ आहे. जा तुम्ही तुमच्या जागेवर."

माळी जागेवर गेला नाही. मैदानाच्या कडेनं, जाहिरातीच्या फळ्यांमागून, तो चालत चालत घड्याळाच्या कोपऱ्यात जाऊन निशाणामागे उभा राहिला. वाऱ्या जवळ आला की ओरडायचं, एवढंच ठरवलं होतं. चार शब्द. वाऱ्या, इकडे येऊ नको. पण त्याच फळ्यांपाशी, चार हातांवर, निरीक्षक वही घेऊन उभा होता. त्याच्या शेजारी आपल्याच कार्यालयातला दुभाषी, कान टवकारून. ओरडलो तर "इकडे काय आहे" हा प्रश्न आलाच. तीन-शून्य. वाऱ्याचं स्वप्न आपल्याच तोंडानं संपवायचं. नाही ओरडलो तर... नाही ओरडलो तर कदाचित काहीच होणार नाही. तो आतून जाईल. वीसच मिनिटं झालीत, पंचवीस उरलीत. माणूस "कदाचित"ला असा लोंबकळतो की काय सांगावं.

आणि वाऱ्या खरंच आतून जात होता. गुडघ्याला जपत, कडेची रेघ सोडून, मधे मधे पास देत. तिसाव्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला तेव्हा तो थांबला, घाम पुसला, आणि त्याला निशाणामागे दादा दिसला. त्याचा चेहरा एकदम उजळला. डोळा मारला त्यानं. माळ्यानं हात वर केला, नको अशी खूण करायला. अर्ध्यात त्याला निरीक्षकाची नजर जाणवली, आणि तो हात तसाच डोक्यावर जाऊन टोपी नीट करून खाली आला.

पुढच्याच चढाईत वाऱ्याला चेंडू मिळाला. समोर एकच बचावपटू. आतून वाट मोकळी होती, पण तो आत गेला नाही. त्यानं चेंडू पुढे ढकलला आणि रेघेच्या कडेनं पळत सुटला, थेट कोपऱ्याकडे, लहानपणी पळायचा तसा, जीव खाऊन. माळ्याच्या तोंडातून तेव्हा शब्द फुटला. "वाऱ्या!" चाळीस हजार माणसं तेच ओरडत होती. त्यात एक आवाज कुणाला ऐकू जाणार?

वाऱ्याचा उजवा पाय गवतात गेला आणि तिथंच राहिला. अंग पुढे गेलं. माळी दहा पावलांवर होता. आवाज आला तो त्यानं ऐकला, वाळली काटकी मोडावी तसा. मग वाऱ्याची किंकाळी.

सामना शून्य-शून्य सुटला. देश स्पर्धेत गेला. लोक कुंपणावरून उड्या टाकून मैदानात शिरले, नाचले, रडले, एकमेकांच्या गळ्यात पडले. आठवण म्हणून गवताची ढेकळं उपटून घरी घेऊन गेले. घड्याळाच्या कोपऱ्यातलं गवत सगळ्यांत सहज निघत होतं.

निरीक्षकानं कोपऱ्याबद्दल विचारलंच. आपल्या फुटबॉल महासंघाचे सचिव तयार होते. "पाइप फुटला जमिनीखाली. जुनं काम आहे, साहेब." कागद तयार झाला, खाली मैदानाच्या माळ्याची सही हवी होती. तेव्हा वाऱ्याला इस्पितळात आत नेलं होतं आणि वहिनी बाहेरच्या बाकावर पदर तोंडात कोंबून बसली होती. माळ्यानं न वाचता सही केली. खरं सांगायचं तर वाचूनच केली. न वाचता केली असं तो नंतर स्वतःला सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर नाचणारी माणसं होती आणि सातव्या पानावर चार ओळी, पाइप फुटल्यामुळे वाऱ्या जायबंदी. डॉक्टरांनी सांगितलं, चालेल. पळणं विसरा.

वाऱ्या घरी आला त्याला तीन आठवडे झाले. बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून असायचा, पाय लोखंडी पट्ट्यांत सरळ बांधलेला. रडला नाही, चिडला नाही. माळ्याशी बोलायचा ते कामापुरतं. पाणी दे, उशी सरकव. माळी म्हणायचा, दुखण्यानं असं होतं. आणि तरी रोज संध्याकाळी घरात शिरताना उंबऱ्यावर त्याचा पाय अडखळायचा.

त्या दिवशी सचिव आले, मागे दोघंतिघं, एकाच्या हातात फुलांचा गुच्छ. वहिनीनं खुर्च्या पुसून दिल्या. सचिवांनी वाऱ्याच्या उशाशी गुच्छ ठेवला, देश तुला विसरणार नाही वगैरे म्हणून झालं, आणि मग ते माळ्याकडे वळले.

"माळी, तुझ्यासाठी बातमी आहे. वाऱ्याच्या जागी जो घेतलाय तो परदेशात खेळतो, तो परस्पर तिथंच येणार आहे. म्हणजे आपल्या विमानात वाऱ्याची जागा मोकळी राहते. मास्तर म्हणाले, माळीबुवांना न्या. त्यांचा वाटा कुणाला माहीत नाही, पण मला माहीत आहे म्हणाले. घरातलीच जागा घरात राहील! काय रे वाऱ्या, बरोबर ना?"

सगळे हसले. वाऱ्याही हसला. "एकदम बरोबर, साहेब," तो म्हणाला. "दादानं जायलाच पाहिजे."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. बिचारीला तीन आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी बरं ऐकायला मिळालं होतं. ती पाहुण्यांना पोचवायला दारापर्यंत, मग जिना उतरून खालपर्यंत गेली. खोलीत दोघंच भाऊ राहिले.

"मी नाही जाणार," माळी म्हणाला.

वाऱ्या छताकडे बघत होता. "दादा, त्या कोपऱ्यात पाइप कुठाय?"

माळ्यानं उशाजवळचा गुच्छ उचलून खुर्चीवर ठेवला.

"दगड लागला होता. मीच पहार मारत होतो. तू म्हणालास, सोड, इथं आपण हातानं पाणी घालू." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "पेपर वाचला त्याच दिवशी कळलं मला. म्हटलं, दादा सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल."

"वाऱ्या, अरे तू मध्यंतराला बाहेर येणार होतास. बाजू बदलली रे. मी तुझ्यासाठीच... तू तिथं पोचावास म्हणून..." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं त्याची आई म्हणायची. माळ्याला आता ती म्हण आठवली.

"सकाळी विचारलं होतं मी तुला, कुठं जपू."

"हो."

"ते जाऊ दे." वाऱ्यानं पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "तू निशाणामागे उभा होतास. इतक्या वर्षांत तू कधी मैदानाच्या कडेला उभा राहून माझा खेळ बघितला नाहीस, नेहमी आपला त्या कोठडीच्या फटीतून. मला वाटलं, आज दादा जवळून बघायला आलाय. मी आतूनच जाणार होतो, दादा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रेघेवरून पळू नको. तू दिसलास म्हणून गेलो."

माळी खाटेच्या कडेवर बसला. त्याला भावाच्या पायाला हात लावायचा होता, पण लोखंडी पट्ट्यांत हात कुठं ठेवावा ते कळेना.

जिना चढून वहिनी धापा टाकत आत आली. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. "अहो, ऐकलंत का? सचिव म्हणाले, तिथं थंडी फार असते. तुमच्याकडे तर धड एक गरम कपडा नाही. आता काय घालून जाणार तुम्ही?"

माळी काही बोलणार एवढ्यात वाऱ्या म्हणाला, "वहिनी, कपाटात वरच्या खणात माझं संघाचं जाकीट आहे बघ. नवं कोरं. ते दे दादाला."

"अरे पण तुझं आहे ते. पाठीवर नाव आहे तुझं."

"असू दे की," वाऱ्या म्हणाला, आणि त्यानं पुन्हा तोंड छताकडे केलं. "जागाही माझ्याच नावावर आहे."